छायाचित्रावरून फुलपाखरांची पारख

नाव कळल्यावाचून वस्तूची ओळख पुरी होत नाही, असा मनुष्याचा फार जुना समज आहे. आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. शेतकऱ्यास आपल्या धानाच्या वाणांची नावे ठाऊक असतात, गुराख्यास गाईगुरांची असतात, वैद्यास वनस्पतींची असतात. ज्याची गरज पडते त्यास मनुष्य नाव देतो. फुलपाखरांच्या बाबतीत मात्र आपली मराठी भाषा बराच काळ उदासीन राहिली. तांबडे असो, निळे असो वा पिवळे असो, सगळ्यांस मिळून ‘फुलपाखरू’ किंवा ‘पाकोळी’ एवढा एक शब्द पुरेसा मानला गेला. भारतात तेराशेहून अधिक जातींची फुलपाखरे आहेत आणि एकट्या विदर्भातून दीडशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे, ही गोष्ट ऐकली म्हणजे त्या एका शब्दावर केवढा भार पडला होता ते ध्यानात येते. अलीकडच्या काळात ही उदासीनता ओसरू लागली आहे. ‘ब्लू मॉर्मन’ नावाच्या काळ्यानिळ्या, भव्य फुलपाखरास २०१५ साली महाराष्ट्राच्या राज्य-फुलपाखराचा मान देण्यात आला. असा मान देणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिलेच राज्य होय.

ह्या बदलाचे एक मोठे कारण म्हणजे छायाचित्र. पूर्वी छायाचित्र काढणे हे शहरातील स्टुडिओत जाऊन करावयाचे काम होते. आज खिशातील दूरध्वनियंत्रासच कॅमेरा जोडलेला असतो आणि तो खेड्याखेड्यांतून मुलांच्याही हाती दिसतो. गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर असलेले बिरसी हे गाव घ्या. ह्या गावाचे नाव बाहेरच्या जगास ठाऊक झाले ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटिश सरकारने येथे धावपट्टी बांधली. पुढे वैमानिक घडविणारी संस्थाही येथेच उभी राहिली. मनुष्य जेथे यंत्राच्या पंखांनी उडावयास शिकतो, त्या गावाच्या बांधाबांधांवर निसर्गाने आपले लहानसे वैमानिक कधीचेच ठेवलेले आहेत. धानाच्या बांध्या, पाणी साठविणाऱ्या बोड्या, वाटेच्या कडेची रुई, पावसाळ्यात माजणारा तरोटा, परसातील गोडनिंब आणि लिंबू, ओलसर जागी पसरणारी आंबुशी ह्यांतील प्रत्येक वनस्पती कोणत्या ना कोणत्या फुलपाखराच्या अळीचे माहेर आहे. त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी धावपट्टीच्या कुंपणाशी जाण्याचे काही कारण नाही. घरामागचा उकिरडा ओलांडला की पुरे.

परंतु चित्र काढणे सोपे झाले म्हणून चित्रातील फुलपाखरू ओळखणेही सोपे झाले, असे समजणे घाईचे होईल. ही पारख कशी करावी, ती कोठे साधते आणि कोठे फसते, ह्याचा विचार करण्यापूर्वी जुन्या अभ्यासकांची रीत थोडक्यात पाहणे इष्ट आहे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास लोक ‘अजब बंगला’ म्हणतात, ते १८६३ साली स्थापन झाले. ह्याच संग्रहालयाच्या प्रकाशनमालेत ई. ए. डी’अब्रू ह्यांनी १९३१ साली मध्यप्रांतातील फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. त्या काळी आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. तो वेगळा झाला १९९९ च्या महाराष्ट्रदिनी. अशा याद्यांचा आधार म्हणजे प्रत्यक्ष नमुने. जाळ्याने फुलपाखरू धरावयाचे, मारावयाचे, पंख पसरून टाचणीने टोचून पेटीत ठेवावयाचे आणि मग भिंगाखाली पाहावयाचे. ब्रिगेडियर इव्हान्स ह्यांचे १९२७ साली निघालेले भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचे पुस्तक अशाच पेट्यांपुढे बसून वाचावयाचे आहे. पंखांतील शिरा कशा फुटतात, अमुक खणात ठिपका आहे की नाही, नराच्या पंखावर गंधाचा डाग कोठे आहे, अशा खुणांनी ते वाचकास एकेक पायरी उतरवीत जातीपर्यंत आणून सोडते. ही रीत निर्दय वाटली तरी तिच्यात एक मोठा गुण होता: नमुना हाती असे. शंका आली तर पेटी उघडून पुन्हा पाहता येई. उलटा करून खालची बाजू तपासता येई. मोजपट्टी लावून पंखांचा विस्तार मोजता येई.

छायाचित्राने जीव वाचविला, परंतु ही सोय हिरावून घेतली. चित्रात जी बाजू आली तीच आली. जी आली नाही ती कायमची गेली. फुलपाखरू लहान होते की मोठे, हे चित्रावरून कळत नाही, कारण चित्रात अंगठ्याच्या नखाएवढे आणि तळहाताएवढे फुलपाखरू सारख्याच आकाराचे दिसू शकते. म्हणून छायाचित्रावरून पारख करावयाची तर पेटीत जे सहज मिळे ते चित्रातच भरून घ्यावे लागते. ह्या विद्येचे पहिले सूत्र हेच.

ते साधावे कसे? फुलपाखराच्या पंखांस दोन बाजू असतात, वरची आणि खालची. आणि पुष्कळदा ह्या दोन बाजूंचा परस्परांशी मेळ नसतो. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराची खालची बाजू दिसते, पसरून बसलेल्याची वरची. दोन्ही बाजूंचे एकेक चित्र मिळाले तर अर्धी लढाई जिंकल्यासारखीच असते. कॅमेरा पंखांशी काटकोनात धरावा, म्हणजे पंखाचा कोणताही भाग अस्पष्ट राहत नाही. फुलपाखराचा पाठलाग करू नये. सकाळी ऊन कोवळे असताना ती पंख तापविण्यासाठी पसरून बसतात; त्या वेळी सावली अंगावर न पाडता हळूहळू जवळ गेल्यास ती हलत नाहीत. पावसाळा सरल्यावर बोडीच्या काठच्या ओल्या मातीत क्षार शोषण्यासाठी जमलेले थवे तर इतके गुंग असतात की, मनुष्याचे भान त्यांस राहत नाही. ज्या झाडावर फुलपाखरू बसले त्या झाडाच्या पानाचेही एक चित्र घ्यावे, आणि तारीख, वेळ व ठिकाण टिपून ठेवावे. तारखेस इतके महत्त्व का, ह्याचा उलगडा पुढे होईल.

चित्र हाती आले म्हणजे प्रथम कुल ठरवावयाचे असते. मिशांच्या टोकाशी गाठ असेल तर ते फुलपाखरू. मिशी पिसासारखी किंवा नुसती निमुळती असेल तर बहुधा पतंग. बसलेल्या फुलपाखराचे चार पायच दिसत असतील तर ते ‘निम्फॅलिड’ कुलातील असण्याचा संभव फार, कारण त्या कुलात पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात. शेपटीच्या तंतूजवळ डोळ्यासारखा ठिपका असलेली, निळसर, इवलीशी फुलपाखरे ‘लायसिनिड’ कुलातील असतात; शत्रूने डोके समजून शेपटीवर झडप घालावी म्हणून ही खोटी शिरोभूषणे. आखूड, जाड अंगाची, मिशीच्या टोकास आकडी असलेली आणि झपकन उडी घेणारी ती ‘हेस्पेरिड’ कुलातील. कुल ठरले की शोधाचे रान शेकडोंवरून पाचपन्नासांवर येते. त्यानंतरच रंगाकडे पाहावे. नवशिका नेमका उलट क्रम धरतो. तो आधी रंग पाहतो आणि रंगानेच फसतो.

फसण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वाटेच्या कडेच्या रुईवरच मिळते. नारिंगी रंगाचे, काळ्या किनारीचे, पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरे पट्टे असलेले एक फुलपाखरू तेथे संथपणे तरंगताना दिसते. इंग्रजीत त्यास ‘प्लेन टायगर’ म्हणतात. त्याची अळी रुईची पाने खाते आणि चिकातील विष आपल्या अंगी साठविते. ते विष फुलपाखराच्या अंगीही उतरते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही, म्हणूनच ते असे निर्धास्त उडते. आता ‘डॅनाइड एगफ्लाय’ नावाचे दुसरे एक फुलपाखरू आहे. त्याची अळी घोळीची भाजी खाते, तिच्यात विष नाही. परंतु त्याच्या मादीने ‘प्लेन टायगर’चा वेष जसाच्या तसा उचलला आहे. नर मात्र अगदीच वेगळा: काळा, जांभळ्या झाकीचे मोठे पांढरे ठिपके मिरविणारा. चित्रात ही मादी आणि तो विषारी धनी ह्यांची निवड कशी करावी? मागच्या पंखाकडे पाहावे. ‘प्लेन टायगर’च्या मागच्या पंखाच्या मध्यभागाभोवती तीन काळे ठिपके असतात, नराच्या पंखावर चौथाही असतो. नक्कल करणाऱ्या मादीच्या मागच्या पंखावर वरच्या कडेशी एकच ठिपका असतो. सोंग हुबेहूब वठले, पण ठिपक्यांचा हिशेब चुकला! ही निवड केवळ कौतुकाची बाब नव्हे. ‘डॅनाइड एगफ्लाय’ हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसविलेले फुलपाखरू होते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली. तरी एका ठिपक्यावरून कायद्याचे पान कसे बदलत होते हे ह्यावरून दिसून येते.

दुसरे सोंग परसातच चालते. गोडनिंब, लिंबू, बेल ह्यांवर अंडी घालणारे ‘कॉमन मॉर्मन’ हे काळे फुलपाखरू सर्वांच्या पाहण्यातले. त्याचा नर एकाच वेषात असतो, परंतु मादी तीन वेषांत आढळते. एक वेष नरासारखा. दुसरा ‘कॉमन रोझ’ ह्या विषारी फुलपाखरासारखा. तिसरा ‘क्रिमझन रोझ’ ह्या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारखा. आल्फ्रेड वॉलेस ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १८६५ सालीच ह्या बहुरूपी माद्यांचे कोडे जगापुढे मांडले होते. दीडशे वर्षांनी, २०१४ साली, कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डबलसेक्स’ नावाच्या एकाच जनुकाच्या भेदांनी हा सारा वेषपालट घडतो, असे दाखवून दिले. छायाचित्र पाहणाऱ्यास जनुक दिसत नाही. त्याने अंगाचा रंग पाहावा. खऱ्या ‘रोझ’ फुलपाखरांचे अंग तांबडे असते, मादीने कितीही वेष घेतला तरी तिचे अंग काळेच राहते. ह्या एका खुणेसाठी चित्रात फुलपाखराचे अंग स्पष्ट येणे अवश्य आहे. पंखांच्या नादी लागून अंगाकडे दुर्लक्ष करणारा छायाचित्रकार येथे हमखास अडतो.

आता तारखेचा उलगडा. बोडीच्या काठाशी, उन्हाच्या जागी, ‘पीकॉक पॅन्सी’ नावाचे नारिंगी फुलपाखरू दिसते. त्याच्या मागच्या पंखावर मोराच्या पिसातील डोळ्यासारखा ठसठशीत डोळा असतो. पावसाळ्यात पंख मिटल्यावर खालच्या बाजूसही डोळे दिसतात आणि पंखांची कड गोलसर असते. उन्हाळ्यात जन्मलेल्या पिढीचे पंख टोकाशी कोनदार होतात आणि खालची बाजू वाळक्या पानासारखी, डोळ्यावाचून, नुसत्या एका शिरेची रेघ काढल्यासारखी दिसते. हे भेद इतके मोठे आहेत की, प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ साली ह्या दोन रूपांस दोन वेगळ्या जाती समजून ‘अल्माना’ आणि ‘अॅस्टेरी’ अशी दोन नावे दिली. आज दोहोंस मिळून एकच नाव ‘अल्माना’ राहिले आहे. लिनियसपुढे नमुने होते, परंतु ते नमुने कोणत्या ऋतूतील आहेत हे सांगणारे कोणी नव्हते.

हा गुंता सोडविण्यास अळ्या पाळाव्या लागल्या. कलकत्त्यास लायोनेल द निसेव्हिल ह्या अभ्यासकाने तपकिरी रंगाच्या, गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या पाळून, ऋतूप्रमाणे एकाच जातीची दोन रूपे निपजतात की काय ह्याची परीक्षा केली आणि १८८६ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ह्याच गटातील ‘कॉमन ईव्हनिंग ब्राउन’ हे फुलपाखरू धानाच्या मुलखातील माणसास विशेष जवळचे, कारण त्याची हिरवी, डोक्यावर दोन शिंगे असलेली अळी गवताबरोबर धानाचे पानही खाते. दिवसभर ते झुडपाखालच्या पाचोळ्यात निपचित बसते आणि दिवेलागणीस उडू लागते; पुष्कळदा दिव्याच्या उजेडाने घरातही शिरते. पावसाळी पिढीच्या पंखांखाली डोळ्यांची माळ असते. कोरड्या ऋतूतील पिढीचे पंख पानासारखे असून एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. कोणी करडे, कोणी तांबूस, कोणी काळ्या शिंतोड्यांचे. दहा फुलपाखरांची दहा चित्रे घेऊन कोणी दहा जाती झाल्या म्हणून आनंद मानील, तर त्याचा तो आनंद तारीख पाहताच ओसरेल. जानेवारीचे चित्र जुलैच्या पुस्तकचित्राशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

ह्याहून बारीक कसोटी लहान फुलपाखरांत लागते. तरोट्यावर वाढणारी पिवळी, चिमुकली ‘ग्रास यलो’ फुलपाखरे पावसाळ्यानंतर बांधाबांधांवर उधळलेली असतात. वरून पाहिली तर सगळी एकसारखीच: पिवळा पंख, काळी किनार. भेद आहे तो खालच्या बाजूस. पुढच्या पंखाच्या आतील खणात दोन बारीक खुणा असतील तर ती ‘कॉमन ग्रास यलो’. तीन असतील तर ‘थ्री-स्पॉट’. एकच असेल तर ‘वन-स्पॉट’. म्हणून पिवळ्या फुलपाखराचे केवळ वरून घेतलेले चित्र कितीही सुंदर असले तरी जात ठरविण्यास बहुधा निरुपयोगी ठरते. आणि मिटल्या पंखांचे साधे, काहीसे रंगहीन चित्र अभ्यासकास मोलाचे वाटते. आंबुशीजवळ उडणाऱ्या निळसर ‘ग्रास ब्लू’ फुलपाखरांचीही हीच कथा. ‘पेल ग्रास ब्लू’च्या पुढच्या पंखाखाली खणात एक ठिपका असतो, ‘लेसर ग्रास ब्लू’मध्ये तो नसतो. मोहरीएवढा ठिपका, आणि त्याच्यावर जातीचा निवाडा! येथे मोजणे हीच विद्या होय.

आणि काही ठिकाणी मोजूनही भागत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. धानाच्या पानाची सुरळी करून तीत राहणाऱ्या अळ्यांपासून निघणारी तपकिरी ‘स्विफ्ट’ फुलपाखरे हे त्याचे उत्तम उदाहरण. पंखांवरील पारदर्शक ठिपक्यांची संख्या व जागा, नराच्या वरच्या बाजूची गंधरेषा, ह्या सगळ्या खुणा एका चित्रात क्वचितच सापडतात. आणि काही जातींचा निर्णय तर शरीराच्या आतील भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून होतच नाही. अशा वेळी खऱ्या अभ्यासकाने ‘हे स्विफ्ट गटातील आहे, जात ठरविता येत नाही’ असे लिहून थांबावे. ही माघार नव्हे. हे शास्त्राचे व्रत आहे. चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की ते तेथून निघणे कठीण. पुढचा अभ्यासक त्यावर विसंबतो, त्याच्यावर तिसरा विसंबतो, आणि जे फुलपाखरू त्या गावात कधी नव्हतेच ते कागदावर पिढ्यान्‌पिढ्या उडत राहते. उलट, ‘ठरविता येत नाही’ अशी नोंद कोणाचीही वाट चुकवीत नाही. उद्या कोणी अधिक चांगले चित्र आणील तेव्हा ती पुरी होईल.

ह्या कामी आता यंत्राचेही साहाय्य मिळते. २००८ साली निघालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’ ह्या जागतिक उपक्रमात चित्र पाठविले की, संगणक हजारो चित्रांशी ताडून क्षणार्धात नाव सुचवितो. ही सोय २०१७ पासून झाली. भारतीय फुलपाखरांपुरता कुंटे ह्यांनी २०१० साली सुरू केलेला चित्रसंग्रह आहे. त्यात जाणकारांनी तपासल्यावरच चित्र स्वीकारले जाते. छापील पुस्तकांत आयझॅक किहिमकर ह्यांचे २००८ सालचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पुस्तक पुष्कळांच्या पिशवीत असते. यंत्राची सूचना उपयुक्त खरी, परंतु ती सूचनाच आहे, निकाल नव्हे. यंत्रही पुष्कळदा नवशिक्याप्रमाणेच एकूण रंगरूपाकडे पाहते. ज्या ठिपक्यावर निवाडा अवलंबून आहे तो चित्रात नसेल तर यंत्र तरी तो कोठून आणणार? शिवाय निळ्या रंगाची आणखी एक खोड आहे. फुलपाखराचा निळा रंग बहुधा रंगद्रव्याचा नसून पंखावरील खवल्यांच्या रचनेतून प्रकाश परतल्याने दिसतो. त्यामुळे कोन बदलला की तो नाहीसा होतो. एगफ्लायच्या नराची जांभळी झाक एका चित्रात झळकते आणि दुसऱ्या चित्रात तोच नर नुसता काळापांढरा दिसतो. म्हणून एकाच फुलपाखराची निरनिराळ्या कोनांतून तीनचार चित्रे असणे केव्हाही श्रेयस्कर.

येथवर ऐकून एखादा शेतकरी विचारील, ‘हे सारे ठीक, पण आमच्या धानास ह्याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही आहे. धानावरील खोडकिड्याचे नाव गोंदियाच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. ज्या किड्याने पोंगा सुकतो आणि पुढे पांढरी, पोचट लोंबी येते तो हा. त्याची मादी म्हणजे एक पिवळसर पतंग. आता पिवळे इवलेसे पाखरू बांधीवर दिसले की फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा, असा मोह होतो. पण बांधावर दिवसाढवळ्या बागडणारी पिवळी ‘ग्रास यलो’ धानास तोंडही लावीत नाही. तिचे अन्न तरोटा. खोडकिड्याचा पतंग रात्री उडतो, दिव्याकडे येतो, दिवसा पंख छपरासारखे उतरते ठेवून पानावर बसतो, आणि मादीच्या पुढच्या प्रत्येक पंखावर मध्यभागी एकच काळा ठिपका असतो. मिशीस गाठ नसते. एक नीट चित्र आणि एक नीट नजर, एवढ्यावर विनाकारण होणारी एक फवारणी टळू शकते. त्या फवारणीने केवळ फुलपाखरेच मरत नाहीत. खोडकिड्याची अंडी खाणारे व पोखरणारे धानाचे मित्रकीटकही मरतात. तेव्हा नाव बरोबर कळणे हा येथे छंदाचा प्रश्न राहत नाही. तो खर्चाचा आणि पिकाचा प्रश्न होतो.

दुसरा उपयोग ह्याहून दूरदृष्टीचा आहे. एखाद्या गावी कोणती फुलपाखरे आहेत, ह्यावरून तेथे कोणत्या वनस्पती तग धरून आहेत हे कळते. रुई गेली की ‘प्लेन टायगर’ जातो. परसातील गोडनिंब तोडला की ‘मॉर्मन’ दुसरीकडे वळते. आंबुशीवर तणनाशक पडले की निळी फुलपाखरे विरळ होतात. रस्ते रुंदावतात, इमारती वाढतात, बांध खणले जातात. ह्या बदलांत काय राहिले आणि काय गेले, ह्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा? १९३१ साली तो नागपूरच्या संग्रहालयातून ठेवला गेला. आज तो गावोगाव ठेवता येण्याजोगा आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात अभ्यासक जातात, हे योग्यच. २०१३ साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला असल्याने तिकडे लक्षही अधिक आहे. परंतु बिरसीसारख्या धानाच्या गावाकडे फुलपाखरांची यादी करावयास बाहेरून कोण येणार? ती यादी तेथील शाळेतील मुलामुलींनीच करावयाची आहे. वर्षातून बारा महिने, प्रत्येक महिन्यात एक दिवस, एकच ठरलेली वाट: बोडीपासून गावापर्यंत. जे दिसेल त्याच्या दोन्ही बाजूंची चित्रे, तारीख, जागा, झाड. आणि जे ओळखले नाही त्यापुढे नाव न लिहिता रिकामी जागा. एवढे नेमाने पाच वर्षे झाले तर त्या वहीस जे मोल येईल ते कोणत्याही एका सुंदर छायाचित्रास येणार नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांनी भारतातील फुलपाखरांस नावे दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पलटण आणि दरबार होता. म्हणून कोणी ‘कमांडर’ झाले, कोणी ‘सार्जंट’, कोणी ‘बॅरन’, कोणी ‘नवाब’. ती नावे गंमतीची आहेत आणि रूढही झाली आहेत. परंतु धानाच्या मुलखात वाढणारी मुले जेव्हा ह्या जीवांस ठिपका मोजून, पान पाहून आणि ऋतू ध्यानात घेऊन ओळखू लागतील, तेव्हा त्यांच्या तोंडी आपोआप नवी नावे येतील: रुईवरचे, तरोट्यावरचे, दिवेलागणीचे. भाषेत नाव असेच जन्मते. आधी नीट पाहणे, मग म्हणणे. छायाचित्र पाहण्यास वेळ देते, कारण उडणारे पाखरू चित्रात थांबते. त्या थांबण्याचा उपयोग केवळ कौतुकासाठी न करता मोजण्यासाठी आणि ताडण्यासाठी केला, तर कोणाचाही जीव न घेता निसर्गाची खरी ओळख करून घेण्याचे हे साधन पूर्वीच्या जाळ्याटाचणीहून कितीतरी श्रेष्ठ ठरेल. पावसाळा सरून धान निसवू लागले, म्हणजे ज्यांच्या हाती कॅमेरा आहे त्यांनी एकवार बांधाकडे वळावे. आणि पहिले चित्र पंख मिटलेल्या पिवळ्या पाखराचे घेऊन, पुढच्या पंखावरील खुणा मोजाव्यात.